नांगराखालचा गाभा

फ्रान्सच्या मध्यभागाजवळ, तूरेन प्रांताच्या दक्षिण टोकाला, ल ग्रां-प्रेसिन्यी नावाचं छोटं गाव आहे. या गावाच्या आणि शेजारच्या आबिली, बारू वगैरे गावांच्या शिवारात नांगरट झाली की मातीतून एक विलक्षण दगड वर येतो. लांबी वीतभर ते दीड वीत, जाडी चार-पाच बोटं, वजन दोन-तीन किलो, कधी त्याहूनही जास्त. एक अंग फुगीर, दुसरं बरंचसं सपाट, टोकं निमुळती. रंग मधाचा किंवा जुन्या मेणाचा. दोन्ही कडांना ओळीने टवके उडवलेले, आणि तेही असे की, हे काम कुणीतरी घाई न करता, हिशेब करून केलं आहे हे पाहताक्षणी कळावं. इथल्या शेतकऱ्यांना हे दगड इतके ओळखीचे होते की, बाजारात लोणी ज्या लांबट ठोकळ्यात विकायला यायचं त्यावरून त्यांनी त्यांना ‘पौंडभर लोणी’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे संशोधकांनीही तेच नाव चालू ठेवलं. असा दगड हातात आला की कोणीही आधी विचारतो, हे अवजार कशाचं? कुऱ्हाड म्हणावी तर धार नाही, घण म्हणावा तर ठोकल्याच्या खुणा नाहीत, सुरी म्हणावी तर हातात मावत नाही. पण हा प्रश्नच आपल्याला आडवाटेला नेतो. हा दगड अवजार नव्हताच. अवजारासाठी लागणारं पातं काढून घेतल्यावर उरलेला तो गाभा आहे, कारागिराने जागेवरच टाकून दिलेला. आणि माझं म्हणणं असं आहे की, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या युरोपबद्दल हा टाकून दिलेला माल जे सांगतो, ते संग्रहालयातल्या काचेआडची देखणी पाती एकट्याने सांगू शकत नाहीत.

मुळात हा दगड माणसाने घडवलेला आहे, हे कशावरून ठरवायचं, इथून सुरुवात करायला हवी. कारण शेतातल्या दगडावर घाव घालणारे पुष्कळ असतात. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड सिलिकाचा, अगदी बारीक कणांचा असतो, त्यामुळे तो काचेसारखा फुटतो. नेमक्या जागी आघात झाला की आघाताच्या बिंदूखाली एक छोटा फुगवटा तयार होतो आणि तिथून लहरींसारख्या वर्तुळाकार रेषा पुढे पसरतात. सुटलेल्या छिलक्यावर हा फुगवटा उठून दिसतो आणि मूळ दगडावर त्याच्या जागी खोलगट व्रण राहतो. थंडीने दगड तडकतो तेव्हा मात्र असा आघातबिंदू नसतो. गोल झाकणासारखी खपली निघते आणि खाली उथळ वाटी राहते. नांगराच्या फाळाने उडालेला टवका ओळखणं तर आणखी सोपं आहे. जुन्या पृष्ठभागावर हजारो वर्षांत एक साय चढलेली असते, कधी पांढुरकी, कधी पिवळट. फाळाने उडालेल्या जागी आतला ताजा रंग दिसतो आणि पुष्कळदा लोखंड घासून गेल्याची तांबूस रेघही शेजारी असते. प्रेसिन्यीच्या गाभ्यांवर नांगराच्या अशा जखमा भरपूर आहेत, पण त्या वरवरच्या आहेत. खालचे मोठे व्रण सगळे एकाच जुन्या सायीखाली आहेत आणि एका ठरावीक क्रमाने एकमेकांना छेदत गेले आहेत. योगायोगाला असा क्रम साधत नाही.

हा क्रम वाचता येतो, आणि मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोहक काम हेच वाटतं. दोन व्रण एकमेकांना भिडतात तेव्हा नंतरचा व्रण आधीच्याची कड तोडून टाकतो. त्यामुळे कोणता छिलका आधी निघाला आणि कोणता मागून, हे दगडच सांगतो. प्रेसिन्यीच्या गाभ्यावर सगळ्यात आधीचे व्रण दोन्ही कडांवरून आत येणारे आहेत. कारागिराने आधी लांबट पाटीसारखी मोठी गाठ निवडली, तिच्या कडा घडवून सरळ केल्या, मग त्या कडांवरून आडवे छिलके काढत एका अंगाला बेताचा उंचवटा दिला. त्यानंतर एका टोकाला आघातासाठी छोटी जागा तयार केली. ती नुसती सपाट न करता टोचून टोचून तिथे नेमका बिंदू उभा केला. आणि शेवटी त्या बिंदूवर एकच घाव. त्या घावाने गाभ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारं एक अखंड पातं सुटलं. सपाट दिसणाऱ्या अंगावरचा तो लांबलचक व्रण म्हणजे शेवटच्या पात्याची रिकामी जागा आहे. पुढचं पातं काढायचं तर पुन्हा दोन्ही बाजूंनी आडवे छिलके काढून उंचवटा नव्याने घडवावा लागे, टोकाशी नवा बिंदू उभा करावा लागे. म्हणून दगड एवढा मोठा असूनही त्यातून अशी पाती मोजकीच निघत. ही अर्धवट राहिलेली कुऱ्हाड असावी, हा सहज सुचणारा तर्क इथेच संपतो. कुऱ्हाडीची दोन्ही अंगं सारखी उतरवत आणायची असतात. इथे दोन अंगांची कामंच वेगळी आहेत, आणि ज्या लांब व्रणाने कुऱ्हाडीचा कच्चा घाट कायमचा बिघडला असता, तोच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

हा निष्कर्ष आज सरळ वाटतो, पण एकोणिसाव्या शतकात त्यावर कडाक्याचा वाद झाला. १८५९ मध्ये सोम नदीकाठच्या हातकुऱ्हाडींची पाहणी करून इंग्रज भूशास्त्रज्ञ प्रेस्टविच आणि त्याचा मित्र जॉन इव्हान्स यांनी माणसाच्या प्राचीनत्वाला उघड पाठिंबा दिला, आणि मग युरोपभर दगडी अवजारांचा शोध सुरू झाला. त्याच लाटेत, १८६३च्या सुमारास, ग्रां-प्रेसिन्यीचे डॉक्टर लेव्हेये यांनी आपल्या शिवारातल्या या दगडांकडे जगाचं लक्ष वेधलं. (त्याच वर्षी मे महिन्यात रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला भारतातली पहिली मान्यता पावलेली हातकुऱ्हाड मिळाली.) लेव्हेये यांच्या शोधानंतर लगेच आक्षेप आला. यूजीन रोबेर यांनी म्हटलं, हे प्रागैतिहासिक वगैरे काही नाही, ठासणीच्या बंदुकांसाठी चकमकी बनवताना उरलेला हा कचरा आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. सतराव्या शतकापासून पुढची दोनशे वर्षं युरोपच्या फौजांना चकमकी लागत होत्या, आणि फ्रान्समधला हा धंदा ज्या शेर नदीच्या खोऱ्यात जोरात होता ते इथून फार लांब नाही. दगडही त्याच जातीचा. शेतात असे ढीग पडलेले दिसले की जवळचं, माहितीतलं कारण आधी सुचावं हे योग्यच आहे. प्रागैतिहासाकडे धाव घेण्याआधी ते तपासलंच पाहिजे.

तपासल्यावर मात्र ते टिकत नाही. बंदुकीची चकमक म्हणजे जेमतेम तीनेक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा. त्यासाठी कारागीर मध्यम लांबीची पाती पोलादी हातोडीने भराभर काढत जात आणि त्यांचे तुकडे पाडत. या कामात वेळ म्हणजे पैसा होता. दीड वीत लांब अखंड पातं मिळवायला तासन् तास कडा घडवत बसण्याचं त्यांना काहीच कारण नव्हतं, कारण शेवटी ते पातं तोडायचंच होतं. त्यांच्या गाभ्यांवर हे आडवे, हिशेबी छिलके दिसत नाहीत, आणि पोलादाच्या घावाची ती लहानशी, ठेचलेली खूण प्रेसिन्यीच्या गाभ्यांवर दिसत नाही. पण निर्णायक पुरावा तूरेनच्या बाहेरून आला. १८५३-५४च्या हिवाळ्यात पाणी ओसरल्याने झ्युरिकच्या सरोवराकाठी खांबांवरच्या प्रागैतिहासिक वस्तीचे अवशेष उघडे पडले, फर्डिनांड केलर यांनी त्यांचं महत्त्व ओळखलं, आणि पाठोपाठ आल्प्सच्या पायथ्याच्या सरोवरांतून अशा वस्त्या एकामागून एक सापडू लागल्या. त्यांतल्या काही वस्त्यांतून मधाच्या रंगाची लांब पाती निघाली, कडा आणि टोक घडवून खंजिराच्या घाटाची केलेली. बंदुकीच्या दारूचा शोध लागण्याआधी हजारो वर्षं गाळात गाडली गेलेली पाती बंदुकीच्या चकमकींची कशी असणार?

या पात्यांच्या पाठीवरच गाभ्याशी असलेलं नातं कोरलेलं आहे. साध्या पात्याच्या पाठीवर आधीच्या पात्यांचे उभे, समांतर व्रण असतात. प्रेसिन्यीच्या पात्यांच्या पाठीवर आडवे व्रण आहेत, दोन्ही कडांकडून मध्याकडे आलेले आणि कडेशी अचानक तुटलेले. पातं निघण्याआधी गाभ्याचं अंग घडवताना जे छिलके काढले, त्यांचे हे निम्मे व्रण; उरलेले निम्मे तूरेनच्या शेतातल्या गाभ्यावर राहिले. ज्याने कधी गाभा पाहिलाच नाही, त्याला पात्याच्या पाठीवरच्या या रेषा निव्वळ नक्षी वाटतील. यावर एक चांगला आक्षेप असा की, मधाच्या रंगाचं फ्लिंट एकट्या तूरेनची मिरास नाही. ही हरकत खरी आहे. उत्तर फ्रान्समधल्या मार्न भागात रोमिन्यी-लेरी इथल्या वेगळ्या, बऱ्याच उशिराच्या थरातल्या फ्लिंटपासूनही असेच खंजीर बनत आणि उत्तरेकडच्या प्रदेशातले काही ‘प्रेसिन्यी’ खंजीर प्रत्यक्षात तिथले निघाले. म्हणजे रंगावर भिस्त ठेवून चालणार नाही. तूरेनचं फ्लिंट वरच्या ट्युरोनियन थरातलं, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झालेलं. किनाऱ्याकडून वाहत आलेले क्वार्ट्झचे बारीक कण त्यात अडकलेले असतात आणि भिंगाखाली ते दिसतात. दगड, घडाईची पद्धत आणि पाठीवरचे व्रण या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच पातं प्रेसिन्यीचं म्हणायचं. काही खंजीर या चाळणीत गळाले म्हणून उरलेल्यांची साक्ष कमकुवत होत नाही. उलट ती अधिक विश्वासाची ठरते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. उत्खननात वस्तू ज्या थरात मिळते, त्या थरावरून तिचं वय ठरतं. नांगरलेल्या शेतात थर उरलेलाच नसतो. वरचा वीत-दीड वीत भाग पिढ्यान् पिढ्या उलथापालथ झालेला. पाच हजार वर्षांपूर्वीचा गाभा, रोमन कौल आणि गेल्या शतकातली काचेची बाटली एकाच सरीत शेजारी पडलेली असू शकते. मग अशा दगडाला पुरावा म्हणायचं कसं? आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो. फक्त शेतातला गाभा हाती असता, तर त्याचं वय सांगण्याची कुणाचीही छाती झाली नसती. पण गाभ्याचं वय गाभ्यापाशीच ठरलं पाहिजे असा नियम नाही. फ्रेंच आल्प्सच्या पायथ्याशी पालाद्रू सरोवरात शारावीन इथे पाण्याखाली बुडालेली वस्ती आहे. १९७२ पासून १९८६ पर्यंत एमे बोके यांनी तिचं पाण्यात उतरून उत्खनन केलं. तिथले घरांचे लाकडी खांब टिकून होते आणि त्यांच्या वर्षवलयांवरून ही वस्ती इ.स.पू. २७व्या शतकातली असल्याचं ठरलं. त्याच गाळात प्रेसिन्यीचे खंजीर होते, काही तर मुठीसकट. म्हणजे तूरेनच्या शेतात पडलेल्या, कसलाही थर न उरलेल्या गाभ्याला तारीख दिली ती ४०० किलोमीटरवरच्या सरोवरातल्या झाडांनी. अशा अनेक ठिकाणांवरून आज हा सगळा उद्योग ढोबळमानाने इ.स.पू. २९०० ते २४०० या काळात बसवता येतो. आणि नांगर सगळं पुसून टाकतो हेही खरं नाही. तो दगड वरखाली करतो, थोडा पुढेमागे ढकलतो. पण एका शेतात हजारो छिलके आणि पलीकडच्या शेतात जवळपास एकही नाही, हा फरक त्याला मिटवता येत नाही. कारखाना कुठे होता हे सांगायला तेवढा फरक पुरतो.

एवढं लांब पातं दगडातून निघतं कसं, हे मात्र व्रण वाचून पूर्ण कळत नाही. फ्रेंच संशोधक झाक पेलग्रँ यांनी ते करून पाहून शोधलं. ते स्वतः उत्तम दगड-घडवणारे आहेत. त्यांच्या प्रयोगांवरून दिसलं की, थेट हातोडीने मारून इतकी लांब, सरळ, बेताच्या जाडीची पाती हुकमीपणे निघत नाहीत. टोचून उभ्या केलेल्या त्या बिंदूवर सांबरशिंगासारख्या शिंगाची छिन्नी टेकवायची आणि छिन्नीच्या डोक्यावर घाव घालायचा, म्हणजे आघाताची जागा तसूभरही हलत नाही. यावर कोणी म्हणेल, आजच्या माणसाला एक रीत साधली म्हणून पूर्वीच्या माणसाने तीच वापरली हे सिद्ध होत नाही. नुसतं पातं निघालं एवढाच पुरावा असता, तर हा आक्षेप बिनतोड होता. पण तुलना पात्यांची नाही, खुणांची आहे. प्रत्येक रीत पात्याच्या बुडाशी स्वतःच्या खुणा सोडते : टेकवण्याच्या जागेचा आकार, तिच्याखालच्या फुगवट्याचा घाट, ओठासारखी बारीक कड, पात्याचा बाक. प्रयोगातल्या आणि जुन्या पात्यांवर या सगळ्या खुणा एकत्र जुळतात आणि दुसऱ्या रीतींनी त्या तशा जुळत नाहीत. या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. हे काम फावल्या वेळात जमणारं नाही. हात बसायला वर्षं लागतात आणि शिकताना मोठमोठ्या, निवडक दगडांची नासाडी होते. घरोघरी प्रत्येक शेतकरी आपलं पातं आपण काढत होता, असं चित्र इथे बसतच नाही. यामागे थोडेच, पण पिढ्यान् पिढ्या ही विद्या राखणारे लोक असले पाहिजेत. राजा नाही, शहर नाही, लिपी नाही, अशा समाजात एका कसबाला एवढी जागा मिळाली होती.

आणि त्या पात्यांचं पुढे काय झालं? आपण त्यांना खंजीर म्हणतो, कारण ती टोकदार आहेत, दोन्ही बाजूंना धार आहे आणि तशाच घाटाचे तांब्याचे खंजीर पुढे युरोपभर दिसू लागतात. पण घाटावरून काम ठरवणं धोक्याचं. ह्यूग प्लिसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शारावीनचे आणि न्यूशातेल सरोवराकाठच्या पोर्तालबाँचे खंजीर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कडांवर त्यांना वनस्पती कापताना येणारी चकाकी दिसली. ज्यांच्याकडे पाहून मारामाऱ्या डोळ्यांसमोर येतात, ती पाती गवतासारखी झाडं कापत होती. बोथट झाली की पुन्हा घडवली जात होती आणि तुटली की त्यांच्या तुकड्यांची लहान अवजारं होत होती. आता उत्तरेकडे वळू. नेदरलँड्समध्ये, प्रेसिन्यीपासून सुमारे ७०० किलोमीटरवर, हेच खंजीर मृतांच्या शेजारी ठेवलेले मिळतात. लायडनच्या आनेलू फान खाइन यांनी ते तपासले तेव्हा कडांवर कापल्याच्या खुणा नव्हत्या. होती ती उंचवट्यांवरची झीज, म्यानात घालताना आणि काढताना होणारी. म्यान म्हणजे कल्पनाविलास नाही. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्झी नावाच्या गोठलेल्या प्रागैतिहासिक माणसाकडे दुसऱ्याच दगडाचा छोटा खंजीर होता. त्याला अ‍ॅशच्या लाकडाची मूठ आणि लिंडनच्या अंतर्सालीची विणलेली म्यान होती. तर तूरेनमध्ये एकाच हाताने, एकाच शेतात काढलेल्या दोन पात्यांपैकी एक सरोवराकाठी गवत कापत झिजलं आणि दुसरं उत्तरेत फक्त दाखवण्यासाठी म्यानातून बाहेर आलं. अवजाराचं काम त्याच्या आकारात भरलेलं नसतं. ते ज्याच्या हाती पडलं तो ते ठरवतो. म्हणूनच शेतात सापडलेल्या दगडाला ‘हे कशासाठी?’ असं विचारण्यापेक्षा ‘घडाईच्या कोणत्या टप्प्यावर तू मागे राहिलास?’ असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या अंगावर असतं.

हा सगळा उद्योग तूरेनमध्येच का झाला, याचं अर्धं उत्तर जमिनीत आहे. इथला खडूचा खडक झिजून गेला आणि त्यातल्या फ्लिंटच्या मोठमोठ्या, लांबट, आतून निर्दोष गाठी चिकणमातीत सुट्या होऊन राहिल्या. एवढा मोठा दगड नसेल, तर कितीही कसब असून उपयोग नाही. आपल्या दख्खनकडे पाहिलं की हे चटकन पटतं. आपल्याकडे खडूही नाही आणि त्यातलं फ्लिंटही नाही. आहे तो बेसाल्ट आणि त्याच्या पोकळ्यांत साकळलेले कॅल्सिडोनी, अगेट, जॅस्पर हे दगड. १८६५ मध्ये भूशास्त्र खात्याच्या विन यांना पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या गाळात मिळालेला छिलका अगेटचाच होता. पुढे ताम्रपाषाण युगात नेवासे, इनामगाव अशा वस्त्यांतल्या लोकांनी कॅल्सिडोनीची समांतर कडांची पाती हजारोंनी काढली. त्यासाठीही ते आधी गाभ्यावर आडवे छिलके काढून एक कणा उभा करत आणि पहिलं पातं त्या कण्याच्या रेषेवरून सोडवत. पातं सरळ निघायचं तर त्याची वाट आधी आखावी लागते, ही समज दोन्हीकडे आहे; पण आपल्या गाठी मुठीएवढ्या, त्यामुळे पाती बोटाएवढी. दोघांमध्ये संपर्क होता असं यातून अजिबात सुचवायचं नाही. काचेसारखा फुटणारा दगड जिथे जिथे मन लावून हाताळला गेला, तिथे तो माणसाला काही गोष्टी सारख्याच शिकवतो, एवढंच. मात्र दगड चांगला होता म्हणून उद्योग झाला, हे उत्तर अर्धंच आहे. तूरेनच्या त्या गाठी आधीही होत्या आणि नंतरही राहिल्या. त्यांच्यातून अशी पाती निघाली ती चार-पाच शतकंच. ती दूरवर कुणाला तरी हवी होती आणि ती काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

एक गोष्ट मनाला लागते. लेव्हेये यांच्या शोधानंतर संग्राहकांची झुंबड उडाली. चांगले, अखंड, देखणे गाभे वेचले गेले आणि युरोपभरच्या संग्रहांत गेले. कित्येकांवर ‘ग्रां-प्रेसिन्यी’ एवढाच शब्द आहे. शेत कोणतं, शेजारी काय होतं, काही नोंद नाही. गाभा हलवला की वस्तू वाचते, पण तिचं ठिकाण हरवतं, आणि नांगरलेल्या जमिनीत थर आधीच गेलेला असल्याने ठिकाण हा उरलेला एकमेव धागा असतो. छिलक्यांकडे तर कुणी पाहिलंही नाही, कारण ते कुरूप होते. वास्तविक कडा घडवताना उडालेला नखाएवढा छिलका बऱ्याचदा पडल्या जागीच राहतो, गाभ्यासारखा उचलून कुणी दुसरीकडे नेत नाही, म्हणून कारागीर कुठे बसला होता हे सांगायला तोच अधिक लायक. आज शेतं चालत पाहणारे अभ्यासक हा धडा शिकले आहेत : सरी आखून चालायचं, जे दिसेल ते टिपायचं, सुंदर-कुरूप असा भेद करायचा नाही, आणि जिथे काहीच नाही तिथे ‘काही नाही’ हेही लिहून ठेवायचं. आपल्या महाराष्ट्रातही बारीक पात्यांचे आणि छिलक्यांचे सडे शेतांत पडलेले असतात. त्यांतलं चकचकीत अगेट उचलून खिशात घालण्याआधी शेताचं नाव टिपलं जावं, असं मला कळकळीने वाटतं.

सगळ्यात शेवटी अपयशाबद्दल, कारण ते फक्त शेतातच दिसतं. युरोपच्या नकाशावर प्रेसिन्यीच्या पात्यांचे ठिपके दिले, तर त्यातला प्रत्येक ठिपका यशाचा असतो. जे पातं अर्ध्यात तुटलं, ते कुणी ७०० किलोमीटर वाहून नेलं नाही. नकाशा पाहून वाटावं की हे कारागीर चुकतच नव्हते. शेतातले गाभे वेगळं सांगतात. काहींवर शेवटचा व्रण मध्यापर्यंत नीट जातो आणि तिथे अचानक वर वळून आडवी पायरी सोडतो. आघाताचा जोर कमी पडला किंवा समोरचा उंचवटा नीट घडला नव्हता. काहींवर तो व्रण खोल शिरून गाभ्याचं पलीकडचं टोकच सोबत घेऊन गेला आहे. काही गाभ्यांवर पायरी काढून टाकण्यासाठी उलट्या टोकाने, मग बाजूने केलेले प्रयत्न दिसतात, व्रणांवर व्रण, आणि त्यानंतर काही नाही. दुसऱ्या काही गाभ्यांत अजून पुष्कळ दगड शिल्लक आहे, चूक कुठेच दिसत नाही, तरी तो सोडून दिलेला आहे : पुढचं पातं निघालं असतं, पण हव्या त्या लांबीचं निघालं नसतं. आखूड पातं त्यांना चाललं असतं, तर असे गाभे पार शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरलेले सापडले असते. ते तसे सापडत नाहीत. खालची मर्यादा कुठे होती, किती लांबीखाली हे लोक हात आवरत, हे या नाकारलेल्या दगडांवर पट्टी धरून मोजता येतं. खंजिरांवरून ते कधीच मोजता आलं नसतं, कारण खंजीर झिजून, पुन्हा पुन्हा घडवून मूळच्या लांबीपेक्षा आखूड झालेले असतात.